सरकारचे जावई

(सोसायटीच्या वर्धा येथील वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांस 'शासकीय कल्याणकारी योजना व आपला समाज' असा विषय दिला होता. योजनांची यादी विहाराच्या फलकावर लागलेली आहे. ती येथे वाचून दाखवून आपला वेळ घेण्याचा आमचा विचार नाही. योजना घेणाऱ्या माणसांविषयी जे बोलले जाते, त्याविषयी आज बोलावे असे आम्हांस वाटते. याला कारण घडले आहे. ते आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही चौघे विहारात अर्ज भरून देण्यासाठी बसलो होतो. एक म्हातारी बाई आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सारे पावसाने थोडे ओले झालेले. तिला निराधारचा अर्ज भरायचा होता. आमचेच एक सभासद शेजारी पेपर वाचत होते. चांगल्या नोकरीतून निवृत्त झालेले, महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेणारे गृहस्थ. ते पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "या लोकांना आता सवयच लागली आहे. फुकटचे मिळते, मग कामं कशाला करतील? सरकारचे जावई झालेत सारे." आजीने ते ऐकले. तिने ओले कागद एकेक करून पिशवीत परत ठेवले आणि म्हणाली, "राहू द्या जी, येतो मी मंग." पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्या वेळी आम्ही काही बोललो नाही, हेही सांगितले पाहिजे. गृहस्थ वयाने मोठे, सोसायटीच्या देणगीदारांपैकी एक. तोंड उघडले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या दिवशी न बोललेले शब्द आहेत, असे समजावे.

आता 'जावई' या शब्दाकडे पाहू. आपल्याकडे जावयाचा थाट काय असतो ते सर्वांना ठाऊक आहे. जावई आला की पाट मांडतात, पंचपक्वान्न करतात, अधिक महिन्यात ताटभर अनारसे आणि वर चांदीचे काही देतात. जावयाला कोणी रांगेत उभे करत नाही. आता तहसील कचेरीच्या दारात सकाळी आठपासून बसलेली माणसे डोळ्यांपुढे आणा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचे पासबुक, आणि आपण अजून जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करून देणारा हयातीचा दाखला. जिवंत असल्याचा पुरावा सासऱ्याला नेऊन देणारा जावई आम्ही तरी पाहिलेला नाही. शब्द मजेत वापरला जातो, पण तो ज्याला लागतो त्याला विचारावे.

आणि मिळते तरी किती, याचा हिशेब कोणी करत नाही. आम्ही आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, तेव्हा ही सवय आमच्यात राहिली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच किलोला तीस दिवसांनी भागा. दिवसाला १६७ ग्रॅम. दोन वेळा जेवायचे म्हटले तर एका वेळेला ८३ ग्रॅम. घरातल्या बायांना विचारा, एवढ्या पिठात किती पोळ्या होतात. तीन होतील, त्याही लहान. वरचे रोजचे तेल, मीठ, तिखट, सिलिंडर यांतले काहीही त्या पाच किलोत येत नाही. शेतात दिवसभर वाकून काम करणारा माणूस तीन पोळ्यांच्या भरवशावर हातपाय पसरून झोपून राहील, हे ज्याला खरे वाटते त्याने एक महिना तसे राहून पाहावे.

निराधारचेही तसेच. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. २०२३ साली अनुदान महिन्याला १,००० वरून १,५०० रुपये झाले. म्हणजे दिवसाला ५० रुपये. यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अपंगांची वगळता बरीच वर्षे २१,००० रुपये ठेवलेली आहे. याचाही भागाकार करा. साऱ्या घराचे दिवसाचे उत्पन्न ५८ रुपयेसुद्धा होत नाही. त्याहून चार पैसे जास्त मिळवणारी बाई कायद्याच्या दृष्टीने निराधार नव्हे!

आता काम न करण्याची गोष्ट. रेशनच्या दुकानात आता अंगठा लावायचे मशीन आहे. आमच्या ओळखीच्या एका मावशींचा अंगठा त्या मशीनवर लागत नाही. तीन-तीन वेळा हात धुऊन, पदराला पुसून लावला तरी नाही. त्या म्हणतात, "माया आंगठा मशीनले दिसतच नाही जी." का दिसत नाही? चाळीस वर्षे कापूस वेचला. बोंडाची टोके सुईसारखी असतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बोटांची कातडी निघते, पुन्हा येते, पुन्हा निघते. त्याआधी निंदण, सोयाबीनची सवंगणी, मग विळ्याची मूठ. रेघा झिजून गेल्या. काम करून करून बोटांची ओळख पुसली गेली, आणि ओळख पटत नाही म्हणून कधी धान्य न घेता परत. या बाईला आळशी म्हणायचे असेल तर निदान तिचा हात हातात घेऊन म्हणावे.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला एक वाट दाखवली होती, हे विद्यार्थ्यांना माहीत असावे म्हणून सांगतो. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे कामावर आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम द्यायचे. पैशासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर शासनाने घालायची असे ठरले. नोकरदारांच्या पगारातून जो कर कापला जातो, त्याचे मूळ हे आहे. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तो याच वाटेने. आता सांगा, लोकांना फुकटच खायचे असते, तर मे महिन्याच्या उन्हात खडी फोडायला आणि माती खोदायला कोण गेले असते? तेथे फुकट काही नव्हते. खोदलेल्या मातीचे मोजमाप झाल्यावाचून मजुरी निघत नसे, आणि मोजमाप करणारा वेळेवर येत नसे. कामावर बायांची संख्या मोठी असे; लहान मूल झाडाच्या सावलीत झोळीत टाकून त्या घमेली वाहत. गावोगावचे पाझर तलाव आणि रस्ते त्या हातांनी केलेले आहेत. त्या रस्त्यावरून मोटारसायकल घेऊन जाणारा तरुण म्हणतो, रोजगार हमीवाले कामचोर!

हे आपल्याकडचेच झाले. बाहेरही लोकांनी याचा शोध घेतलेला आहे. पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, मोरोक्को, होंडुरास, निकाराग्वा, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया या सहा देशांतल्या सात योजना तपासल्या. गरिबांच्या हाती पैसे दिल्याने त्यांनी काम कमी केले, असा पुरावा त्यांना मिळाला नाही.

"पैसे दिले तर दारूत जातात," हे दुसरे पेटंट वाक्य. यावर वर्धेकरांनी तरी जपून बोलावे. आपल्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गांधीजींचा जिल्हा म्हणून ती झाली. तरी दारू कोठे मिळते, कोणाच्या गाडीतून येते आणि कोणत्या घरांत रिचवली जाते, ते या सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यावर आम्ही अधिक बोलत नाही. निराधारच्या पन्नास रुपयांवर हा धंदा चालत असेल असे कोणी म्हणेल काय? गरिबाचा नवरा पितो, हे खोटे नाही. पण तो मजुरीतून पितो आणि बायको मार खाऊन धान्य आणते. दोषाचा धनी मात्र धान्य ठरते. इव्हान्स आणि पोपोवा या दोघांनी २०१४ साली निरनिराळ्या देशांतील १९ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरकारने रोख पैसे दिल्यामुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांना आढळले नाही.

या जिल्ह्यात याहून कठोर एक वाक्य बोलले जाते. ते उच्चारताना जड जाते, पण बोलतो. "लाख रुपये मिळतात म्हणून फास घेतात." वर्धा हा विदर्भातील त्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे, ज्यांच्यासाठी जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्याचे शासनाने ठरवले. त्यांतले ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीत. तेही सर्वांना नाही. जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, वसुलीचा तगादा असल्याचा पुरावा हवा. मग समिती बसते आणि मेलेल्या माणसाच्या कागदावर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा पडतो. बटईने दुसऱ्याचे शेत करणारा भूमिहीन अपात्र, कारण सातबारा त्याच्या नावावर नाही. शेतात राबणारी बाई गेली तर तीही बहुधा शेतकरी ठरत नाही. घरचा कर्ता माणूस गेल्यावर ज्या बाईला असा शेरा हातात मिळतो, तिच्या दारावरून जाताना आपण हे लाखाचे वाक्य बोलतो. आम्ही अशा काही घरी गेलो आहोत. कोणत्याही घरात लाख रुपयांचा विषय माणसाच्या आधी निघाला नाही.

आता जरा आपल्याकडे वळू. बौद्धांविषयी एक गैरसमज फार जुना आहे, आणि तो ऐकत आपण लहानाचे मोठे झालो: "सवलतींसाठी हे काहीही करतील." इतिहास काय सांगतो? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. वर्धेहून नागपूर ते किती दूर. या जिल्ह्यातून माणसे रेल्वेने गेली, बैलगाडीने गेली, पायी गेली. त्या दिवशी ज्यांनी दीक्षा घेतली, ते कागदोपत्री अनुसूचित जातीतून बाहेर पडले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या शासनाने राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या सवलती मात्र १९९० साली मिळाल्या. मधली चौतीस वर्षे मोजा. एक सबंध पिढी रेल्वेत, पोस्टात, बँकेत अर्ज करताना 'बौद्ध' असे लिहीत होती आणि राखीव जागेचा हक्क गमावत होती. काहींनी कागदावर जुनी जात लिहिली आणि घरात बुद्धाची प्रतिमा लावली. त्यांची अडचण आम्ही समजतो, त्यांना दोष देत नाही. पण ज्यांनी लिहिले नाही, त्यांनी किती मोठी किंमत मोजली! सवलतींना हपापलेली माणसे अशी वागतात काय?

आणि मिळालेली सवलतही सहज हाती पडत नाही. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला आणा, म्हणतात. आजोबांना शाळेत घेतले नाही म्हणून तर ही सवलत आहे, आणि सवलतीसाठी त्याच आजोबांचा शाळेचा दाखला! मग कोतवाल पंजीची नक्कल शोधत हिंडायचे. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रदेशात होता; त्या काळचे रजिस्टर कोठे फाटलेले असते, कोठे वाळवीने खाल्लेले. सोसायटीचे दोन कार्यकर्ते या कामात इतके तरबेज झाले आहेत की जुनी मोडी अक्षरेसुद्धा आता ओळखतात. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या तर आम्हांस आनंद होईल.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी. तुमच्यापैकी कित्येक जण वर्गात शिष्यवृत्तीचे नाव काढत नाहीत, हे आम्हांस माहीत आहे. आमच्या वेळीही तसेच होते. एका महाविद्यालयात बाबू खिडकीतून ओरडत असे, "स्कॉलरशिपवाले बाजूला व्हा, फीवाले पुढे या!" आम्ही बाजूला होत असू. मान खाली घालून भिंतीला टेकून उभे राहत असू. फीवाल्यांमध्ये आमचा एक मित्र होता. त्याने नजर चुकवावी आणि आम्ही त्याची चुकवावी, असे चार वर्षे चालले. आज ओरडण्याचे काम कमी झाले आहे, कारण अर्ज संगणकावर भरायचा असतो. पण पैसे वर्ष सरल्यावर येतात, तोवर कोठे फीसाठी तगादा लागतो, कोठे गुणपत्रिका अडकते, आणि पोरगा घरी सांगतो की परीक्षा लांबली.

ही मान खाली का जावी? बाबासाहेबांना मुंबईत बी.ए. करण्यासाठी सयाजीराव महाराजांकडून महिन्याला २५ रुपये मिळत. केळुसकर गुरुजींनी त्यासाठी शब्द टाकला होता. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर: महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या पैशांतून घरी पैसे पाठवावेत, पोट मारून पुस्तके विकत घ्यावीत आणि कोलंबिया विद्यापीठात रात्रंदिवस वाचावे. शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा सोडून १९१७ साली त्यांना परत यावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याला गेले. तेथे त्यांना राहायला घर मिळाले नाही, शिपाई कागद दुरून टेबलावर फेकीत, आणि पारशी धर्मशाळेतून लोकांनी लाठ्या घेऊन त्यांना बाहेर काढले, हा प्रसंग तुम्ही वाचलेला आहे. बाबासाहेब 'लाभार्थी' होते, मित्रांनो. आजच्या भाषेत त्यांना सरकारचा जावई म्हणणारे कोणी बडोद्यात नक्की असेल. मात्र घेतलेल्याची लाज त्यांनी कधी बाळगली नाही. सयाजीरावांचा उल्लेख त्यांनी आदराने केला, आणि स्वतः व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर आपल्या मुलांसाठी सरकारकडे भांडले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली ती त्यांच्याच पाठपुराव्याने. आज तुम्ही जो अर्ज भरता, तो त्या अर्जाचा नातू आहे.

दुसरीकडे महार वतनाच्या विरोधात १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक कोणी आणले? त्यांनीच. वतनात गावाची कामे करायची आणि मोबदला म्हणून घरोघर भाकरी मागायची, खळ्यावर धान्य मागायचे. ती खरे तर मजुरी होती, पण तिला भिकेचे रूप दिलेले होते. ज्याने राबावे त्यानेच हात पसरावा आणि देणाऱ्याने उपकार केल्याचा आव आणावा, ही व्यवस्था बाबासाहेबांनी मोडायला घेतली. शिष्यवृत्ती कायद्याने, सर्वांना सारख्या नियमाने, वर मान करून घ्यायची असते. हा फरक ध्यानात आला की खिडकीपाशी उभे राहताना पाय डगमगत नाहीत.

परत आमच्या त्या सभासद गृहस्थांकडे येऊ. त्यांनी घरासाठी कर्ज काढले होते. जुन्या करपद्धतीत घरकर्जाच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळते. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाचे त्यात वर्षाला ६० हजार वाचतात, म्हणजे महिन्याला ५ हजार. आजीला मिळणार होते १,५००. त्यांच्या शेतावर युरियाचे पोते जाते, त्याची निम्म्याहून अधिक किंमत सरकार भरते. त्यांचे शिक्षण शिष्यवृत्तीवर झाले, नोकरी राखीव जागेवर लागली. हे सारे त्यांच्या हक्काचे होते आणि आम्ही त्याला नावे ठेवत नाही. आजी कर भरत नाही म्हणावे, तर मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के कर तीही भरते, आणि दुकानदार तिला कमी लावत नाही. मग जावई फक्त तीच कशी?

गरीब माणूस नुसता घेतो आणि देत नाही, हेही खरे नव्हे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकात आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची योजना चालवली. वर्गणी ज्वारीच्या रूपात घेत. सुगीत घरोघरची ज्वारी जमा होई. ज्याची जमीन अधिक त्याने अधिक द्यायची, मजुराने त्याच्या कुवतीप्रमाणे, आणि आजारपणात उपचार मात्र गरजेप्रमाणे. ज्या मजुरांच्या घरी ज्वारी मोजून खाल्ली जाते त्यांनीही ती दिली. डॉक्टर ज्वारी घेतात म्हणून तेव्हा काही शहाणे हसले होते म्हणे. हसू द्या.

आता कोणी विचारेल, "खोटे दाखले देऊन लाटणारे नाहीत काय?" आहेत. झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०२५ साली लाडकी बहीण योजनेची छाननी झाली तेव्हा दोन हजारांहून अधिक सरकारी नोकरीतील महिलांनी पैसे उचलल्याचे आढळले. ज्यांना महिन्याचा पगार होता, त्यांनी! आपल्या समाजातही दोन पगारांच्या घरचा मुलगा कमी उत्पन्नाचा दाखला काढून फी माफ करून घेतो, आणि त्याचे वडील विहारात प्रज्ञा, शील, करुणेवर बोलतात. असा दाखला भरून देण्यास आम्ही दोनदा नकार दिला आहे आणि त्यामुळे दोन घरांशी आमचे बोलणे बंद आहे. पण एवढे पाहा, लबाडी करणारा कागद जमवण्यात हुशार असतो. छाननी कडक केली की तो एक कागद आणखी आणतो. रांगेतून बाहेर फेकली जाते ती ओली पिशवी घेऊन आलेली बाई.

दीघनिकायात चक्कवत्तिसीहनाद सुत्त आहे. एक राजा राज्याचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी. पहिला चोर पकडून आणतात. पोट भरत नाही म्हणून चोरी केली, असे तो सांगतो, तेव्हा राजा त्याला धन देतो. ही बातमी पसरते. चोरी केली की धन मिळते म्हणून आणखी चोऱ्या होतात. मग राजा चिडून शिरच्छेद सुरू करतो आणि लोकही शस्त्रे उचलतात. "दिले की लोक बिघडतात" असे म्हणणाऱ्यांना ही कथा आपल्या बाजूची वाटेल. पण तथागतांनी दुःखाची साखळी कोठून सुरू केली ते नीट वाचा. ती चोराला दिल्यापासून सुरू होत नाही. वेळेवर, गरज होती तेव्हा, न मागता द्यायचे होते ते दिले नाही, तेथून ती सुरू होते. कूटदन्त सुत्तातही पुरोहित राजाला सांगतो की चोरांना मारून उपद्रव थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला वेतन द्या. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला कोणत्याही सचिवालयात आजही चालावा.

त्या आजीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. दिवाळीनंतर आम्ही तिच्या गावी गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. शेवटचे घर, ताटव्याच्या भिंती. ती कापूस वेचायला गेली होती. शेजारणीने पोरगा पाठवून बोलावून आणले. बांधावरून आली ती कमरेला ओटीचे फडके तसेच, त्यात थोडा कापूस. आम्हांला ओळखून ती दचकलीच. आम्ही म्हटले, आजी, त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही, चुकलो. ती म्हणाली, "तुमी काय केलं जी? ते साहेब बी खोटं नाई बोलले. लोकं म्हणतेतच." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मले कोनाचं फुकट नोको होतं. आता वेचाचं होत नाही, कंबर धरते. म्हणून आलती."

कंबर धरते म्हणणारी बाई त्या दिवशीही शेतातच होती.

अर्ज आम्ही तेथेच खाटेवर बसून भरला. उत्पन्नाचा दाखला व्हायचा आहे, बँकेच्या खात्याला आधार जोडायचे आहे, आणि अंगठा लागतो की नाही हे पाहायचे आहे. येत्या रविवारी ती विहारात येणार आहे. त्या सभासद गृहस्थांनाही आम्ही बोलावले आहे. त्यांचे अक्षर चांगले आहे आणि तहसील कचेरीत त्यांची ओळख आहे. त्यांनी येतो म्हटले आहे. दहावी-बारावीच्या ज्या विद्यार्थ्यांना संगणकावर अर्ज भरता येतात, त्यांनीही सकाळी नऊला यावे. टेबल दोन लावू. प्रत्येकाने एक कोरडी प्लास्टिकची पिशवी सोबत आणावी, कागद ठेवायला.

जयभीम.